चार माणसांची भांडी

१

खास खोलीतून किंकाळी आली, तेव्हा मावशींचे दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाच्या पाण्यात होते.

त्याआधी खुर्ची आपटल्याचा आवाज झाला होता. आणि किंकाळीनंतर एका पुरुषाचा आवाज आला, "आई! आई, डोळे उघड! अगं, बोल ना काहीतरी!"

मावशींनी नळ बंद केला. भर दुपारच्या जेवणाची वेळ. बाहेरच्या दालनातली बोलणी एकदम थांबली, आणि स्वयंपाकघरातल्या मोठ्या कढयांखालचा जाळ तेवढा भसभसत राहिला.

या रेस्टॉरंटात चिनी पद्धतीचं जेवण मिळायचं, पण नव्या थाटाचं. अळंबी भरलेली वाफाळती डंपलिंग्ज बांबूच्या टोपलीतून यायची, मनुका-मिरचीच्या चटणीत अख्खा मासा यायचा, शेवटी काळ्या तिळाचं आइस्क्रीम. हे सगळं ज्याच्या डोक्यातून निघालं होतं तो तरुण शेफ मावशींचा सख्खा भाचा. बहीण गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलं. त्याला हे स्वयंपाकघर मिळालं तेव्हा त्याने मालकाला सांगितलं होतं, "मी येतो, पण भांड्यांवर माझी मावशी असेल. तिच्याइतकं स्वच्छ कुणी घासत नाही." तेव्हापासून त्या सगळ्या रेस्टॉरंटच्या मावशी झाल्या.

मॅनेजर धावतच आत आला. खास खोलीत तो दुसऱ्या कुणाला वाढू देत नसे, स्वतःच वाढायचा. आता त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"आजी पडल्या. शुद्धच नाही. ॲम्ब्युलन्स बोलावली आहे." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "मावशी, त्या खोलीतली भांडी लगेच धुऊन टाका. आधी ती. बाकीचं राहू दे."

"का?"

"का काय का! उद्या कुणी म्हणालं आमच्या जेवणातून काही झालं, तर?"

मावशींनी समोर पाहिलं. खास खोलीतून आतापर्यंत दोन ट्रे आले होते. पहिला मधल्या वेळात आला होता, त्यात तीळ लावलेल्या कमळकाकडीच्या कुरकुरीत चकत्यांच्या बशा, सुपाचे वाडगे आणि एका वाडग्यात कोंबलेला कापडी नॅपकिन. दुसरा आत्ता, गडबडीत आणलेला.

"जेवणातून काही झालंच नसेल, तर भांडी बोलतील तसं," मावशी म्हणाल्या. "आणि झालं असेल तर ती धुऊन तू माझ्या पोराच्या गळ्यात फास अडकवतोयस. मी हात लावणार नाही."

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार धाडकन उघडलं. पन्नाशीचा एक माणूस दारात उभा होता, टाय सैल, चेहरा पांढराफटक. त्याने भाच्याकडे बोट रोखलं.

"याने! याने माझ्या आईला विष घातलं!"

२

अर्ध्या तासाच्या आत इन्स्पेक्टरबाई हजर झाल्या. इतक्या लवकर का, ते मॅनेजरला कळेना. त्यांनीच सांगितलं.

"ज्या आजींना नेलंय त्या आज चार वाजता कोर्टात माझ्या केसमध्ये साक्ष देणार होत्या. आता मला सांगा, हा योगायोग समजू की आणखी काही?"

केस सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचली होती. आठ महिन्यांपूर्वी संध्याकाळी सायकलवरून घरी जाणाऱ्या एका शाळामास्तरांना गाडीने उडवलं होतं. गाडी थांबली नाही. मास्तर जागीच गेले. गाडी सापडली ती या आजींच्या घरी. मुलाच्या नावावरची, दिवा फुटलेली. जादा किल्ली ड्रायव्हरकडे असायची, म्हणून इन्स्पेक्टरबाईंनी ड्रायव्हरला धरलं. तो आठ महिने तुरुंगात होता आणि एकच वाक्य म्हणत होता, "मी चालवत नव्हतो."

"गेल्या आठवड्यात आजींनी त्याच्या वकिलाला चिठ्ठी पाठवली," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "तीत लिहिलं होतं, गाडी घरी आली तेव्हा मी गॅलरीत होते. गाडीतून ड्रायव्हर उतरला नाही. कोण उतरलं ते कोर्टात सांगेन. इतकंच. मला सांगितलं नाही, मुलाला नाही, कुणालाच नाही."

आजींबरोबर टेबलावर तिघं होती. मुलगा, सून आणि लेक. लेक ॲम्ब्युलन्समधून गेली. मुलगा आणि सून खास खोलीतच बसून होती. इन्स्पेक्टरबाईंनी आधी मुलाला स्वयंपाकघरालगतच्या कोठारात बोलावलं. कोठाराचं दार नीट लागत नसे, त्यामुळे मावशींना सिंकपाशी शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"गाडी तुमच्या नावावर आहे."

"गाडी माझी, पण त्या आठवड्यात मी इथे नव्हतो. कामासाठी बाहेरगावी होतो. तुम्हीच तिकिटं तपासली आहेत की! आणि बहीण माझी दूर राहते, चार दिवसांपूर्वी आली. आमच्यावर कसला संशय घेता? त्या पोऱ्याला विचारा अळंबी कुठून आणली ते!"

"आजचं जेवण कुणी ठरवलं?"

"आईने. म्हणाली, कोर्टात जायच्या आधी सगळ्यांनी एकत्र बसून चांगलंचुंगलं खाऊ. पदार्थही तिनेच मागवले."

भाचा चुलीपाशी भिंतीला टेकून उभा होता. "मावशी," तो हळूच म्हणाला, "अळंबी नव्या माणसाकडून घेतली मी. पहिल्यांदाच."

मावशींनी पुन्हा त्या दोन ट्रेंकडे पाहिलं.

तेवढ्यात इन्स्पेक्टरबाईंचा फोन वाजला. हॉस्पिटल. त्यांनी ऐकलं आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, "डॉक्टर विचारताहेत, पोटात काय गेलंय? अळंबीचं विष असेल तर उपचार वेगळे, औषध असेल तर वेगळे. हृदय अशक्त आहे, अंदाजाने काही देता येत नाही. हातात फार वेळ नाही. जेवणातलं काही उरलंय?"

मॅनेजर जमिनीकडे बघू लागला.

"सगळं उरलंय," मावशी म्हणाल्या. "मी धुतलंच नाही."

३

भांड्यांसमोर मावशी डॉक्टरसारख्या उभ्या राहिल्या. वीस वर्षं उष्ट्या ताटांशी गाठ होती त्यांची. कुणाला भूक होती, कुणाचं भांडण झालं, कुणाला घास उतरला नाही, हे त्यांना ताट बघून कळायचं.

"ही चार ताटं. हे मुलाचं, सगळं चाटूनपुसून. हे लेकीचं, तिने मासा खाल्लाय आणि तिखट बाजूला सारलंय. ही आजींची बशी, छोटे छोटे घास. आणि हे..."

चौथ्या ताटात वाढलेलं जसंच्या तसं होतं. माशाच्या पोटाकडचा मऊ, बिनकाट्याचा तुकडा. दोन डंपलिंग्ज. नूडल्सचा ढीग. चॉपस्टिक्सची टोकं कोरडी होती.

"हे सुनेचं. तिने काही खाल्लेलं नाही." मावशींनी बोटाने मोजलं. "डंपलिंग्ज आठ गेली होती. टोपलीत एक उरलंय, इथे दोन. म्हणजे पाच तिघांनी खाल्ली, एकाच टोपलीतली. मुलगा आणि लेक ठणठणीत आहेत. अळंबी विषारी असती तर ती एकट्या आजींनाच शोधत गेली असती का?"

"विषारी अळंबी कधी कधी उशिराने बाधते," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या.

"मग आजींनाही उशिरानेच बाधली असती ना, बाई!"

मावशींनी बांबूची टोपली उचलली. टोपलीच्या तळाला भोकं पाडलेला कागद असतो. तो ओला राहिला तर बांबूला बुरशी धरते, म्हणून प्रत्येक टोपलीतून कागद काढायचा हा त्यांचा रोजचा नेम. त्यांनी नखाने कागदाची कड उचलली.

कागदाखाली चपटं, चमकतं काहीतरी होतं. गोळ्यांचं रिकामं पाकीट. चार खळगे फोडलेले.

इन्स्पेक्टरबाईंनी ते रुमालात घेतलं, मागचं नाव वाचलं आणि लगेच हॉस्पिटलमध्ये लेकीला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"झोपेच्या गोळ्या?" लेक म्हणाली. "हो, हेच नाव. आई रोज घेते, पण एकच. थांबा, डॉक्टरांना सांगते." धावत्या पावलांचा आवाज, मग गलका, मग ती पुन्हा फोनवर आली. "त्यांनी उपचार सुरू केले. म्हणाले, गेल्याच महिन्यात हृदयासाठी नवं औषध सुरू झालंय, त्याच्याबरोबर चार गोळ्या म्हणजे जिवावर बेतू शकतं."

भाच्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो सुटला होता.

"एक विचारते," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "या गोळ्या आईंच्या हातात असतात?"



"नाही," लेक म्हणाली. "आई विसरून दोनदा घेईल म्हणून डॉक्टरांनीच सांगितलंय, तिच्या हातात द्यायच्या नाहीत. वहिनीच्या पर्समध्ये असतात. कायम."

४

सून चाळिशीची असेल. साधा फिका पोशाख, केस मागे घट्ट बांधलेले. कोठारातल्या स्टुलावर ती अंग चोरून बसली. इन्स्पेक्टरबाईंनी पर्स मागितली. तिने काही न विचारता दिली. पर्समध्ये चष्मा पुसायचं कापड होतं, किल्ल्या होत्या, सासूच्या बाकीच्या औषधांची डबी होती. झोपेच्या गोळ्या नव्हत्या.

"सकाळी होत्या," सून म्हणाली.

"मग गेल्या कुठे?"

"माहीत नाही."

"पर्स कुणाच्या हातात दिली होती?"

"जेवण सुरू होतं तेव्हा आई म्हणाल्या, चष्म्याचं कापड दे. मी हात धुवायला निघाले होते, म्हणून पर्सच त्यांच्यापाशी ठेवून गेले."

"आज त्या साक्ष देणार होत्या. त्या दिवशी तुमचे यजमान बाहेरगावी. नणंद दूर. घरात तुम्ही आणि सासूबाई दोघीच. आणि बेशुद्ध पडल्या सासूबाई, तुमच्या पर्समधल्या गोळ्यांनी."

"मी दिल्या नाहीत."

"तुम्ही घासभरही खाल्लं नाहीत. का?"

बाहेरून मुलगा ओरडला, "अहो, तुम्ही कुणाला काय विचारताय! आईचं माकडहाड मोडलं तेव्हा हिने तिला सहा महिने न्हाऊमाखू घातलं. सख्ख्या मायलेकी नसतील अशा आहेत दोघी!"

पण इन्स्पेक्टरबाई उठल्या होत्या. "चला. ठाण्यात बोलू."

सिंकपाशी मावशींचा हात पहिल्या ट्रेकडे गेला. खरं तर त्यांना काही शोधायचं नव्हतं. कापडी नॅपकिन लाँड्रीच्या पिशवीत टाकायचे असतात आणि हा वाडग्यातच राहून गेला होता, म्हणून. त्यांनी तो उचलला आणि थबकल्या. कापडाला असं वजन नसतं.

घडी उलगडली. आत दातांची कवळी होती, वरची आणि खालची. तिच्याशेजारी एक पातळ झिजलेली अंगठी आणि कानातली दोन फुलं.

"बाई," मावशींनी हाक मारली, आणि स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. "त्या पोरीला नेऊ नका. तिने दिलेल्या नाहीत."

५

इन्स्पेक्टरबाईंनी नॅपकिनमधल्या वस्तू पाहिल्या. "आजींच्या? पडल्यावर कुणीतरी काढून ठेवल्या असतील."

"हा ट्रे कधी आणलास?" मावशींनी मॅनेजरला विचारलं.

"मासा वाढायच्या आधी. त्यानंतर वीसेक मिनिटांनी त्या पडल्या."

"हा नॅपकिन कुठे होता?"

मॅनेजर आठवू लागला. "आजींच्या ताटाशेजारी, चुरगळलेला. मी उचलून वाडग्यात टाकला. त्यांनी हात वर केला, 'अहो' असं काहीतरी म्हणाल्या. मी विचारलं, काही हवंय का? तर म्हणाल्या, नाही, राहू दे."

"म्हणजे पडायच्या वीस मिनिटं आधी कवळी बाहेर आली होती," मावशी म्हणाल्या. "आणि शुद्धीतल्या बाईच्या तोंडातून कवळी दुसरा कुणी काढू शकत नाही. बघा, कमळकाकडीच्या दोन चकत्या त्यांनी अर्ध्या चावून खाल्ल्यात, हे दाताचे ठसे. नंतर सगळं मऊमऊ. माशाचे बारीक तुकडे करून गिळलेत."

"तीळ अडकला असेल कवळीत. काढली असेल."

"तिळासाठी कवळी काढतील, बाई. अंगठी काढतील? कानातलं काढतील?"

इन्स्पेक्टरबाईंनी अंगठी उचलून पाहिली.

"माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा नर्सने हेच केलं होतं. गुंगीचं औषध देण्याआधी अंगठी काढली, कानातलं काढलं, शेजारच्या म्हातारीची कवळी काढली. माणूस बेशुद्ध झाला की कवळी घशात अडकते, बोटं सुजतात." मावशी मुलाकडे वळल्या. "तुमच्या आई काय करायच्या?"

"नर्स होती," तो म्हणाला. "छत्तीस वर्षं. ऑपरेशनच्या वॉर्डात."

"तेच. आपण बेशुद्ध होणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं. सूनबाई हात धुवायला गेल्या, पर्स हाताशी होती. पर्समधून गोळ्या काढल्या, गिळल्या आणि पाकीट टोपलीच्या कागदाखाली सरकवलं. मग जन्मभर दुसऱ्यांसाठी जे केलं ते स्वतःसाठी केलं. मरायचं असतं तर कवळी कशाला काढली असती? त्यांना फक्त झोपायचं होतं. चार वाजून जाईपर्यंत."

"पण साक्ष द्यायची तर त्यांनीच ठरवलं होतं!" मुलगा म्हणाला. "चिठ्ठी तिने स्वतः लिहिली!"

"का लिहिली, ते कुणी विचारलं का?"

उत्तर सुनेकडून आलं. ती कोठाराच्या दारात उभी होती.

"ड्रायव्हरची बायको आली होती घरी. काही बोलली नाही. दाराशी बसून राहिली, दिवसभर. संध्याकाळी आईंनी तिला हाताला धरून आत आणलं आणि चिठ्ठी लिहिली."

इन्स्पेक्टरबाईंची नजर तिच्यावर खिळली.

मावशींना बोलायचं नव्हतं. पण भाचा त्यांच्याकडे बघत होता, आणि तुरुंगात एक माणूस आठ महिने बसून होता.

"एकीकडे ती दाराशी बसलेली बाई," त्या हळू म्हणाल्या. "खरं न सांगावं तर तिचा नवरा जातो. दुसरीकडे असं कुणीतरी, की त्याचं नाव घेताना जीभ झडावी. मुलगा गावात नव्हता. लेक नव्हती." त्यांनी चौथं ताट पुढे केलं. "हे ताट सगळ्यात जास्त भरलेलं आहे. माशाचा सगळ्यात चांगला तुकडा. मॅनेजर, सूनबाईंना कोण वाढत होतं?"

"आजी," मॅनेजर म्हणाला. "टेबलाच्या मधोमधची गोल काच फिरवून फिरवून. स्वतःच्या हाताने."

६

सून आत आली आणि पुन्हा त्याच स्टुलावर बसली. आता ती अंग चोरून बसली नव्हती.

"आईंना कळलंय, हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "आठ महिने आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नाही त्याबद्दल. आज त्या वाढत होत्या आणि मला वाटत होतं, हे शेवटचं जेवण. माझ्या घशाखाली काही उतरेना."

"अगं, काय बोलतेयस तू?" नवरा म्हणाला.

"गाडी मी चालवत होते." तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "आईंचं औषध संपलं होतं. ड्रायव्हर सुट्टीवर. मी नुकती शिकले होते. वळणावर सायकल दिसली तेव्हा ती फार जवळ होती. मी ब्रेक दाबला असं मला वाटलं. मग थांबायचं होतं मला. खरंच थांबायचं होतं. ॲक्सिलरेटरवरून पाय उचललाच नाही. घरी येऊन पायऱ्या चढले आणि त्यांना औषध दिलं. त्यांनी ते घेतलं, माझ्या हाताकडे बघत राहिल्या. हात थरथरत होता. दुसऱ्या दिवशी पोलीस आले, ड्रायव्हरला घेऊन गेले. मी दाराआडून बघत होते."

नवरा भिंतीला धरून खाली बसला.

"मला भीती वाटत होती की आज त्या सांगतील," सून म्हणाली. "आणि त्या सांगणार नव्हत्या म्हणून..." तिने नॅपकिनवरच्या अंगठीकडे पाहिलं, हात पुढे केला आणि मागे घेतला. मग उठून उभी राहिली.

"किती वाजले?"

"तीन वीस," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या.

"कोर्ट किती लांब आहे?"

"पंधरा मिनिटं." इन्स्पेक्टरबाईंनी टोपी उचलली. निरपराध माणसाला आत टाकणारी केस त्यांचीच होती, आणि ती आता त्यांच्याच डोळ्यांसमोर कोसळणार होती. तरीही त्यांनीच दार उघडून धरलं. "चला."

नवरा जागचा हलला नाही. ती दारापर्यंत गेली तेव्हा तो एकदम उठला आणि मागोमाग निघाला. तिचा हात धरायला की तिला जाब विचारायला, ते त्यालाही ठाऊक नसावं.

दोन दिवसांनी इन्स्पेक्टरबाई एकट्याच आल्या. मागच्या दाराने थेट सिंकपाशी. मावशींनी त्यांना बसायला पालथी बादली दिली.

"ड्रायव्हर काल घरी गेला," त्या म्हणाल्या. "मी त्याची माफी मागितली. तो काही बोलला नाही. बायकोने मात्र बरंच काही सुनावलं, आणि ते मी ऐकून घेतलं."

"आणि आजी?"

"काल सकाळी शुद्धीवर आल्या. मीच होते शेजारी. डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, चार वाजून गेले का? मी म्हटलं, कालच. तर डोळे मिटून घेतले, जणू सुटल्या. मग मी सांगितलं, साक्ष झाली. त्या म्हणाल्या, कुणी दिली? मी म्हटलं, तुमच्या सुनेने."

मावशींनी हात पुसले.

"भिंतीकडे तोंड करून रडल्या बराच वेळ. लेक समजावत होती, तिच्याकडे बघेनात. मला वाटलं, आता मला शिव्या देतील. हक्कच होता त्यांचा. पण मग माझ्याकडे वळल्या. बिनदातांच्या तोंडाने नीट शब्द येत नव्हते, मला दोनदा विचारावं लागलं काय म्हणताय."

"काय म्हणाल्या?"

इन्स्पेक्टरबाई बादलीवरून उठल्या आणि दाराकडे वळल्या.

"म्हणाल्या, काल सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नाही. तुमच्या कोठडीत तिला कुणी जेवायला वाढलं का?"